सुधा, सौध आणि चुनकळी

संस्कृतात ‘सुधा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अमृत आणि दुसरा चुना. चुन्याने लिंपलेला, चांदण्यात शुभ्र दिसणारा प्रासाद तो ‘सौध’. मराठीतील ‘चुना’ हा शब्द मात्र ‘चूर्ण’ या शब्दापासून आला. एका पदार्थाला भाषेने एकीकडे अमृताच्या पंक्तीला बसवावे आणि दुसरीकडे ‘चुना लावणे’ या वाक्प्रचारात फसवणुकीचा अर्थ द्यावा, ही गंमतच म्हणायची. पण चुन्याचा स्वभाव पाहिला तर दोन्ही खरे वाटू लागते. मंदिरांच्या भिंती, साखरेचे दाणे, पोलादाचे रूळ आणि गावच्या विहिरीचे निर्जंतुक पाणी या सर्वांमागे तो आहे. आणि बेसावध हाताला, विशेषतः बालकाच्या डोळ्याला, कायमची इजा करणाराही तोच आहे. वाचकहो, या वेळी आपण या नित्य परिचयाच्या, तरीही अपरिचित अशा पदार्थाची ओळख करून घेऊ.

दगड भाजला की काय होते?

रसायनशास्त्राच्या भाषेत कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. कॅल्शियम या धातूचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू यांचे हे संयुग. निसर्गात तो मोकळा सापडत नाही, कारण पाणी आणि हवा यांच्या सान्निध्यात तो फार काळ तसा राहूच शकत नाही. तो मिळवावा लागतो चुनखडीपासून. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शंख, शिंपले, अंड्याचे कवच, खडू, संगमरवर ही सारी त्याचीच रूपे.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. हिशेब मोठा नेटका आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. दगडाचे आकारमान फारसे बदललेले दिसत नाही, पण हातात घेतला तर तो हलका लागतो. ही ‘हलकी कळी’ पारखूनच जुने भट्टीवाले माल नीट भाजला गेला की नाही ते ठरवीत. आच कमी पडली तर मध्ये कच्चा दगड राहतो. आच जास्त झाली तर चुना घट्ट, मंद होतो. तो पाण्याला लवकर दाद देत नाही आणि गिलाव्यात गेल्यावर महिन्यांनंतर फुलून भिंतीला फोड आणतो.

महाराष्ट्रात चुन्याची कच्ची सामग्री प्रदेशागणिक वेगळी. आपला बराचसा भूभाग काळ्या बसाल्टचा, म्हणून दख्खनच्या पठारावर चुनखडीचे मोठे खडक विरळाच. तेथे काळ्या मातीत आणि नाल्याकाठी सापडणारे चुनखडीचे कंकर वेचून भट्टी लावली जाई. कोकणात आणि गोव्यात समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले शिंपले भाजून चुना करीत. विदर्भात मात्र खऱ्या चुनखडीचे थर आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील वणीजवळचे राजूर चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाते, आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात त्याच दगडावर सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले.

चुन्यातला ‘अग्नी’

कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो सळसळतो, तडकतो, फुलतो, वाफा सोडतो आणि शेवटी मऊ पांढरी फक्की होऊन बसतो. ५६ किलो कळीचा चुना १८ किलो पाणी पोटात घेतो आणि ७४ किलो विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. या क्रियेत बाहेर पडणारी उष्णता किती असावी? एक किलो कळीचा चुना विरताना जी उष्णता देतो, तिच्यावर साधारण तीन लिटर थंड पाणी उकळीला यावे! म्हणूनच चुना विरवणाऱ्याने पाण्यात चुना हळूहळू टाकायचा असतो. चुन्याच्या ढिगावर थोडे पाणी शिंपडले तर ते क्षणात उकळून अंगावर उडते.

ही उष्णता कोठून येते, याचे कोडे युरोपातील विद्वानांना दीर्घकाळ पडले होते. भट्टीतील अग्नीचे काही सूक्ष्म तत्त्व दगडात शिरते आणि त्यामुळेच चुना दाहक बनतो, असा समज तेव्हा रूढ होता. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या तरुण वैद्याने हा समज तराजूवर तोलून पाहिला. मूतखड्यावर चुन्याची निवळी औषध म्हणून देत, त्या निमित्ताने त्याचा हा अभ्यास सुरू झाला. १७५४ मध्ये वैद्यकाच्या पदवीसाठी प्रबंध सादर करून आणि १७५६ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध करून त्याने दाखवून दिले की, भाजताना दगडात काही शिरत नाही, उलट दगडातून काहीतरी निघून जाते. ते ‘काहीतरी’ म्हणजे दगडात कोंडलेला एक वायू. त्याला त्याने ‘बद्ध वायू’ अशा अर्थाचे नाव दिले. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. साध्या हवेहून वेगळा असा वायू घन पदार्थात बांधला जाऊ शकतो आणि त्याचे वजन करता येते, हा विचार आधुनिक रसायनशास्त्राच्या पायाभरणीतील एक मोठा दगड ठरला.

तरीही चुना हे स्वतः मूलद्रव्य की संयुग, हा प्रश्न उरलाच. १७८९ मध्ये फ्रान्सच्या लाव्हाझिएने मूलद्रव्यांची जी यादी केली, तिच्यात चुन्याला स्थान होते. मात्र अशी ‘मृत्तिका’ द्रव्ये एखाद्या अज्ञात धातूची ऑक्साइडे असावीत, अशी शंकाही त्याने नोंदवून ठेवली. ती शंका १८०८ मध्ये खरी ठरली. इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही याने विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने चुन्यातून एक चमकदार धातू मुक्त केला. लॅटिनमध्ये चुन्याला ‘कॅल्क्स’ म्हणतात, त्यावरून त्याने धातूचे नाव ठेवले कॅल्शियम. आपल्या हाडांत आणि दातांत जो धातू आहे, त्याचे नाव चुन्यावरून पडलेले आहे.

पुन्हा दगड

विरलेल्या चुन्याची कथा येथे संपत नाही. भिंतीवर लावल्यावर त्यातील पाणी उडून जाते आणि हवेत अवघा ०.०४ टक्के असलेला कार्बन डायऑक्साइड तो हळूहळू शोषून घेऊ लागतो. ७४ किलो विरलेला चुना ४४ किलो वायू परत घेतो आणि १८ किलो पाणी सोडून पुन्हा शंभर किलो चुनखडी होतो. जेवढे भट्टीत गेले तेवढे परत आले. चुन्याची भिंत म्हणजे माणसाने आपल्या इच्छेच्या आकारात पुन्हा घडवलेला दगडच होय. ही क्रिया बाहेरून आत जाते आणि अतिशय संथ असते. जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला तिला वर्षानुवर्षे लागतात. जुन्या वास्तू काळाबरोबर कणखर होत गेल्या असे जे म्हणतात, त्याला हा रासायनिक आधार आहे.

आपल्या अनेक किल्ल्यांवर आजही दगडी चाक आणि वर्तुळाकार चर दिसतो. तो चुन्याचा घाणा. बैल जुंपून त्यात चुना आणि वाळू मळून एकजीव करीत. मिश्रणात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे पदार्थ घालण्याची रीत होती. साखर आणि चिकट द्रव्ये यांमुळे चुन्याचे आळणे मंदावते आणि त्याला चिवटपणा येतो. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले आहेत. आज जुनी मंदिरे आणि वाडे दुरुस्त करताना सिमेंटचा गिलावा टाळून चुन्याचाच वापरावा, असा आग्रह जाणकार धरतात, त्याचेही कारण साधे आहे. चुन्याचा थर सच्छिद्र असतो, भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंटचा घट्ट थर ओल आत कोंडतो आणि जुना दगड किंवा वीट आतून पोखरली जाते.

साखरेपासून पोलादापर्यंत

उद्योगांत चुन्याला इतकी मागणी असण्याचे कारण त्याच्या दोन गुणांत आहे. तो तीव्र अल्कली आहे आणि तो स्वस्त आहे. जेथे आम्ल मारायचे असेल, गाळ बसवायचा असेल, अशुद्धी बांधून बाहेर काढायची असेल, तेथे पहिला विचार चुन्याचा होतो.

साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो. तो तसाच तापवला तर साखरेचे रेणू तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि त्यांचे दाणे बांधले जात नाहीत. म्हणून रस गरम करून त्यात चुन्याचे दूध सोडतात. आम्लता नाहीशी होते. शिवाय रसातील फॉस्फेट चुन्याशी संयोग पावून कापसासारखे पुंजके बनवतात आणि मेण, माती, रंगद्रव्ये यांना सोबत घेऊन तळाशी बसतात. आपल्याकडे पांढऱ्या साखरेसाठी चुन्याबरोबर गंधकाच्या धुराचीही जोड देतात; तो धूर जादा चुना निष्प्रभ करतो आणि रस उजळतो. खाली बसलेला गाळ म्हणजे शेतकऱ्यांच्या परिचयाचे प्रेसमड. टनभर उसामागे एक-दोन किलो चुन्यावर हे सारे काम होते. गुऱ्हाळातला गुळव्या काहिलीत भेंडीच्या झाडाचा चिकट रस आणि चुन्याची निवळी घालून मळी काढतो, तेव्हा तो हेच रसायनशास्त्र हाताने करीत असतो.

पोलादाच्या भट्टीत चुना याहून कठीण काम करतो. १८५६ मध्ये बेसेमर याने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून स्वस्त पोलाद करण्याची रीत शोधली. पण खनिजात फॉस्फरस असेल तर पोलाद ठिसूळ होई आणि त्या भट्टीत फॉस्फरस निघेना. युरोपातील लोहखनिजाचे मोठे साठे त्यामुळे निरुपयोगी पडून होते. हा पेच सोडवला लंडनच्या न्यायालयातील एका कारकुनाने. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस दिवसा नोकरी करी आणि सायंकाळी रसायनशास्त्राच्या वर्गांना जाई. फॉस्फरसपासून बनणारे ऑक्साइड आम्लधर्मी असते, तेव्हा त्याला धरून ठेवायला अल्कलीच हवी, हे त्याने ओळखले. पर्सी गिलख्रिस्ट या रसायनज्ञ मामेभावाच्या मदतीने त्याने भट्टीला भाजलेल्या डोलोमाइटचे अस्तर दिले आणि लोखंडात चुना टाकला. १८७९ मध्ये मिडल्सब्रो येथे ही रीत यशस्वीपणे दाखवली गेली. फॉस्फरस मळीत उतरला, पोलाद शुद्ध झाले आणि ती मळी दळून शेतीला फॉस्फरसयुक्त खत मिळाले. थॉमस वयाच्या ३४ व्या वर्षी निवर्तला. त्याची युक्ती मात्र आजही बहुतेक पोलाद भट्ट्यांत वापरली जाते.

इतर उपयोगांची केवळ नोंद घेऊ. काच आणि साबण यांना लागणारा सोडा ॲश बनवताना चुनखडीतला वायू आणि उरलेला चुना, दोन्ही कामाला येतात. सौराष्ट्रातील मिठापूरचा कारखाना याच साल्वे पद्धतीवर उभा आहे. विरलेल्या चुन्यात क्लोरीन शोषला की ब्लीचिंग पावडर होते. आपल्या ग्रामपंचायती विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतात, तिच्या नावातील शेवटचे अक्षर चुन्याचेच आहे. जड पाण्यातील विरघळलेला चुना काढायचा असेल तर त्यात मोजून आणखी चुना घालतात आणि दोन्ही मिळून खडू होऊन तळाशी बसतात. वीज केंद्रांच्या धुरातील गंधकाचा वायू चुन्याच्या किंवा चुनखडीच्या फवाऱ्यात अडकवला की जिप्सम मिळते. विजेचा दिवा येण्यापूर्वी चुन्याचा तुकडा प्रखर ज्योतीत तापवून त्याच्या शुभ्र उजेडात नाट्यगृहांचे रंगमंच उजळीत, कारण चुना सुमारे २६०० अंशांपर्यंत वितळतच नाही.

या साऱ्या लाभांची एक किंमतही आहे. चुना आणि सिमेंट यांच्या भट्ट्यांत इंधनाचा धूर तर होतोच. त्याहून अधिक वायू स्वतः दगडातून निघतो. इंधन बदलले, सौरऊर्जा वापरली, तरी शंभर किलोंमागचे ते ४४ किलो टळत नाहीत. चुन्याची भिंत त्यातील बराच भाग कालांतराने परत घेते. काँक्रीटही काही प्रमाणात घेते, पण फार सावकाश. म्हणून भट्टीतला वायू तेथेच पकडून ठेवण्याचे प्रयत्न आज चालू आहेत.

घरातला चुना

आता आपल्या घराकडे वळू. हळदीत चुना कालवला की ती लाल होते. हळदीतील पिवळे द्रव्य अल्कलीत रंग बदलते. पूर्वी घरोघरी कुंकू करीत, त्याचा आधार हाच गुण. विड्यात कात आणि चुना एकत्र आल्यावर ओठ रंगतात, त्यामागेही चुन्याची अल्कलीच आहे. परंतु तळहातावर तंबाखूत चुना मळला जातो तेव्हा तीच अल्कली तंबाखूतील निकोटीन मोकळे करते आणि ते तोंडाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. मळणाऱ्याला जी ‘लज्जत’ वाटते, ती व्यसनाची पकड घट्ट करणारी रासायनिक क्रिया आहे, आणि तिची अखेर अनेकदा मुखाच्या कर्करोगात होते.

कॅल्शियम मिळावे म्हणून रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खावा, असे संदेश अधूनमधून भ्रमणध्वनीवर फिरतात. बाजारातला खायचा चुना औषधाच्या शुद्धतेचा असतोच असे नाही आणि दाण्याचे माप कोणी तोलून घेत नाही. दूध, ताक, नाचणी, तीळ हे कॅल्शियमचे सौम्य स्रोत आपल्या स्वयंपाकघरात आहेतच. अधिक हवे असेल तर वैद्यांना विचारावे.

खरा धोका मात्र सर्वांत लहान वस्तूत आहे. पानाच्या दुकानात मिळणारी चुन्याची इवलीशी प्लास्टिकची पुडी किंवा नळी. घरातील एखाद्या वडीलधाऱ्याच्या खिशातून, देवळीतून ती मुलाच्या हाती लागते. मूल ती दाबते, दातांनी फोडते, आणि आतला ओला चुना पिचकारीसारखा थेट डोळ्यात उडतो. अशा जखमा आपल्या देशातील नेत्ररुग्णालये वारंवार पाहतात आणि वैद्यकीय नियतकालिकांत त्यांची नोंद झालेली आहे. आम्ल डोळ्यात गेले तर वरच्या थरातील प्रथिने गोठतात आणि तो थर काही अंशी पुढची वाट अडवतो. अल्कली मात्र पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यांचा साबण करीत खोल शिरत जाते. त्यातच चुन्याचे कण पापण्यांच्या आत चिकटून राहतात आणि दाह चालूच राहतो. बुबुळ पांढरे पडून दृष्टी कायमची जाऊ शकते.

अशा वेळी डॉक्टरांकडे धावण्याच्याही आधी करायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पाणी. क्षणाचाही विलंब न लावता नळाच्या स्वच्छ पाण्याची मंद धार डोळ्यात सोडावी. मूल रडेल, डोळा मिटून घेईल. तरी एकाने त्याला धरावे आणि दुसऱ्याने पापण्या बोटांनी उघड्या ठेवाव्यात. निदान अर्धा तास डोळा धूत राहावे. खालची पापणी ओढून आणि वरची उचलून आत दिसणारे कण पाण्याच्या धारेनेच काढावेत. डोळा चोळू देऊ नये. तूप, दूध, मध, गुलाबपाणी घालू नये. चुना अल्कली आहे म्हणून लिंबाचा रस घालण्याचा विचारही करू नये. दुखावलेल्या डोळ्याला ती दुसरी इजा ठरते. धुणे झाल्यावर, मूल शांत झाले तरी, लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे आणि पुडी सोबत न्यावी. अंगावर कोरडा कळीचा चुना सांडला असेल तर तो आधी कोरड्या कापडाने झटकून टाकावा आणि मगच भरपूर पाण्याने धुवावे, कारण थोडे पाणी त्याला तापवते आणि भरपूर पाणी त्याला वाहून नेते.

दिवाळीपूर्वी अजूनही अनेक गावांत घराला चुन्याची सफेदी देतात. रांजणात चुना विरत असताना मुलांना त्याच्याभोवती खेळू देऊ नये, ढवळणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा घालावा आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली भरून ठेवावी. ज्यांच्या घरी पानाचा डबा आहे, त्यांनी हा अंक वाचून झाल्यावर एवढे करावे की, चुन्याची पुडी उचलून झाकणाच्या डबीत घालावी आणि ती डबी मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावी.